आमच्या नंदईंची तसदीक

ज्या दिवशी माणसांना विश्वास नावाची वस्तू वाटली गेली, त्या दिवशी आमचे नंदई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, रांगेत उभे राहून पुढच्या माणसाला "वाटप खरंच चालू हाये ना बाप्पा?" असं विचारत असणार; मग स्वतः खात्री करायला खिडकीपर्यंत गेले असणार, परत येईस्तोवर रांगेतली जागा गेली असणार, आणि पुन्हा नंबर लागेपर्यंत खिडकी बंद झाली असणार. याहून दुसरा खुलासा त्यांच्या स्वभावाचा मला तरी सापडत नाही. गावातली सगळी घड्याळं एक वेळ दाखवत असली, तरी हा माणूस शेजाऱ्याला विचारतो की तुमच्या घड्याळात काय वाजले. शेजाऱ्यानं सांगितलं की म्हणतो, "तुमचं बराबर हाये कशावरून?" तसदीक हा त्यांचा जीव की प्राण शब्द. आमच्या आदिलाबादेत निजामाच्या राजवटीतले असे कितीक शब्द कचेऱ्यांमधून अजून सुखानं नांदतात. जमिनीच्या कागदाची तसदीक, जातीच्या दाखल्याची तसदीक, म्हणजे खरंखोटं पडताळून पाहणं. सगळी दुनिया तो शब्द कचेरीच्या पायरीवर ठेवून घरी येते. आमच्या या भाऊजींनी तो घरी आणला, जेवायला बसवला आणि कायमचा ठेवून घेतला. "तसदीक केल्याबिगर बोलू नये, वहिनी," हे वाक्य मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकते आहे.

त्यांच्यासोबत बाजारहत्नूरला जायचं म्हणजे एक शिक्षाच आहे. तिथं त्यांचे भाऊ राहतात. बसवर पाटी असते, पाटीवर तीन भाषांत गावाचं नाव असतं, कंडक्टर खाली उभा राहून त्याच नावानं ओरडत असतो. तरी भाऊजी आत चढून ड्रायव्हरला तेलुगूत विचारणार, "बाजारहत्नूर पोतुंदा?" कंडक्टरला उर्दूत विचारणार, "मियाँ, बाजारहत्नूर जाती ना ये?" आणि मग मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला मराठीत. जणू भाषा बदलली की बसचा रस्ता बदलतो. एवढं होऊनही समाधान नाहीच. बस सुटली की भावाला फोन: "हे बस तुमच्याकडं येते ना रे?" एकदा भाऊ वैतागून म्हणाले, "दादा, बस इथं आली की मी तिले विचारून सांगतो." भाऊजींना ती सूचना पटली. थट्टा त्यांना कळत नाही असं नाही, पण थट्टेचीसुद्धा तसदीक झालेली नसते ना!

मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. पत्रिका पोस्टानं धाडल्या. मग तीच पत्रिका मोबाइलवर. मग फोन, "पत्रिका पोचली का?" मग, फोनवर लोक खोटंही बोलतात म्हणून, स्वतः घरोघर. किनवटचे त्यांचे मामा दारातच हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबू, पत्रिका पोचली, मोबाइल पोचला, फोन पोचला, तू पोचला. आता लग्न पोचू दे!" त्या गडबडीत घरी मांडववाल्याला यायचं सांगायचं राहून गेलं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण जी गोष्ट धाडलीच नाही ती पोचली का हे कुणाला विचारणार? माझ्या नणंदेनं, आम्ही त्यांना ताई म्हणतो, त्या दिवशी स्वतः जाऊन मांडववाल्याला खेचून आणलं. ताई फार बोलत नाहीत. नवऱ्याकडे एकदा बघतात आणि कामाला लागतात. त्यांच्या त्या बघण्यावर एक व्यक्तिचित्र वेगळं लिहिता येईल.

विहारात पौर्णिमेची वंदना असली की माईक भाऊजींकडे. वायरी जोडण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या वस्तीत कुणी नाही, हे मान्य. बाप दुसऱ्याच्या शेतात राबला, आणि हा माणूस रेडिओ उघडून उघडून शिकला, पुढं कॉम्प्युटर शिकला, आज कापसाच्या मार्केटच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान आहे. जिनिंगवाल्यांचे वजनकाट्याचे कॉम्प्युटर, दुकानांचे कॅमेरे, सगळं हेच बसवतात. पण माईक बसवला की "हॅलो, हॅलो, मागं ऐकू येऊन राह्यलं का?" सुरू. मागची माणसं हात वर करतात. भाऊजींचा विश्वास नाही. एका पौर्णिमेला त्यांनी माईक खाली ठेवला, चपला हातात घेऊन गर्दीतून वाट काढत शेवटच्या रांगेत गेले आणि कान देऊन उभे राहिले. समोर माईकवर कुणीच नाही. तिथून ओरडले, "काई ऐकू येऊन नाई राह्यलं!" भंतेजी हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. बाकी आम्ही सगळे हसलो.

आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. भाऊजी कधीही आपण होऊन फोन ठेवत नाहीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं की समोरच्याचं बोलणं तोडून निघू नये, तो "बरं" म्हणेल तेव्हा उठावं. पुढं घरात फोन बसला तेव्हा वडिलांनी तोच नियम फोनलाही लावला. सामनेवाल्यानं ठेवायचा, आपण ठेवायचा नाही, तो अपमान होतो. नियम चांगला आहे, पण तो वडिलांनी दोन्ही मुलांना शिकवला. त्यामुळे भाऊजी आणि बाजारहत्नूरचे त्यांचे भाऊ एकमेकांशी बोलायला लागले की बोलणं संपतं, फोन संपत नाही. भाऊजी फोन मांडीवर ठेवून जेवतात आणि आतून त्यांच्या भावाच्या बैलांच्या घुंगराचा आवाज येत राहतो. शेवटी ताई येतात, नवऱ्याकडे एकदा बघतात आणि लाल बटण दाबतात.

असा हा माणूस मी आमच्या केंद्रात आणला. कुणी बळजबरी केली नव्हती, माझीच अक्कल! मी एका ट्रस्टच्या रक्तकेंद्रात नोंदी पाहायचं काम करते. आमच्याकडे सिकलसेलची लेकरं येतात. इंद्रवेल्लीकडून, बाजारहत्नूरकडून, जंगलातल्या पाड्यांवरून. सोमवार हा त्यांचा दिवस. त्यांना ठरावीक काळानं रक्त चढवावं लागतं, आणि मागच्या खेपेला कोणतं रक्त दिलं, त्यानं काही त्रास झाला का, हे बघितल्याशिवाय आमचे डॉक्टर पिशवीला हात लावू देत नाहीत. ती सगळी माहिती हैदराबादच्या मोठ्या कार्यालयातल्या डेटाबेसमध्ये. इथं नक्कल ठेवायची नाही, रोग्याची माहिती आहे, फुटता कामा नये, असा वरचा सक्त नियम. म्हणजे इथून तिथवर एक सुरक्षित, बंदिस्त वाट पाहिजे. कॉम्प्युटरवाले तिला टनेल म्हणतात. ती वाट बसवायला आणि तिच्यावर नजर ठेवायला स्थानिक माणूस पाहिजे होता, मी भाऊजींचं नाव सुचवलं, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप झाला.

भाऊजी त्याला भुयार म्हणत, आणि ते भुयार समजावून सांगितल्याशिवाय त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. चहावाला, झाडूवाली, रक्त द्यायला आलेला कॉलेजचा पोरगा, कुणीही. "पाहा, इंटरनेट म्हणजे बुधवारचा बाजार. त्यातून तुमी तांदूळ डोक्यावर घेऊन गेले तं सगळे पाहतात, कोणी हात बी घालते. म्हणून आपण काय केलं? घरातून घरात भुयार खंदलं. वरून बाजार चालू, खालून आपला माणूस चालला, कोणाले पत्ता नाई. पल्याडच्या तोंडाशी चौकीदार. त्यानं वळखलं तं आत खोली. खोलीत खुर्च्या. खुर्चीवर बसायचं, इचारायचं ते इचारायचं, उत्तर घेऊन यायचं." मी एकदा म्हटलं, "भाऊजी, त्या पोराची सुई काढून द्या आधी, मग खुर्च्या मोजू." ते म्हणाले, "त्याले समजू तं द्या, वहिनी." पोरगा बिचारा कापूस दाबून धरून समजून घेत होता.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. मग एका सोमवारी कुठंतरी रस्ता खणताना केबल तुटली आणि दिवसभर हैदराबाद दिसलंच नाही. त्या दिवशी इंद्रवेल्लीच्या पलीकडून मारुबाई आली होती, तिच्या सुमनला घेऊन. सुमन नऊदहा वर्षांची, ओठ पांढरे पडलेले, आईच्या मांडीवर डोकं ठेवून बाकावर पडून होती. पहाटे चालत फाट्यावर यायचं, मग बस, मग पुन्हा बस. भाऊजी आतबाहेर करत होते, टेलिफोनवाल्यांना फोन करत होते. काही झालं नाही. शेवटच्या बसची वेळ झाली तशी मारुबाईनं पोरीला उभं केलं आणि रक्त न घेताच परत गेली. भाऊजी फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेले आणि परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. "सकाळीच समजलं असतं तं त्या बाईले फोन करून थांबवलं असतं ना आपण," ते म्हणाले. "भुयार चालू हाये का, हे दर घडीला पाहिलं पाहिजे." मला तेव्हा ते खरंच वाटलं. पुढचं दिसायला मी काय ज्योतिषी आहे?

त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो थोड्या थोड्या वेळानं भुयारातून एक निरोप्या पाठवायचा. निरोप्यानं जायचं, चौकीदाराला ओळख द्यायची, आत खुर्चीवर बसायचं, "हाय का?" विचारायचं, आतून "हाय" आलं की भाऊजींच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका. भाऊजींना तो ठिपका इतका आवडला की ते पडद्यासमोर तासन् तास बसत आणि ठिपका उमटला की मान हलवत. सकाळी आले की आधी भुयाराची मशीन बंद करून चालू करायची, तिला कापडानं पुसायची, आणि मग ठिपके सुरू. मी म्हणायचे, "भाऊजी, दुकान कोण पाहते?" तर म्हणायचे, "दुकान तिथंच हाये. भुयाराचं काई सांगता येत नाई."

आणि काय सांगू, त्यानंतरच लाइन बंद पडायला लागली! आधी कधीतरी पडायची, आता रोज पडायला लागली. सकाळी एकदम फर्स्टक्लास. दुपार झाली की माझ्या कॉम्प्युटरवर चक्र फिरत राहायचं आणि शेवटी "जागा नाही" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत यायचं. मी ओरडायचे, "भाऊजी, बंद पडलं!" ते आपल्या पडद्याकडे बोट दाखवायचे. वरपासून खालपर्यंत हिरवे ठिपके, फक्त शेवटचे थोडेसे लाल. "पाहा ना वहिनी, बहुमत हिरव्याचं हाये!" मग मशीन बंद करून चालू करायचे, आणि लाइन यायची. त्यांची छाती फुगायची. पुढं त्यांनी काय करावं? लाइन जास्त बिघडते म्हणून तपासणी वाढवली. निरोपे दुप्पट. लाइन दुपारऐवजी अकरालाच जायला लागली. मग आणखी निरोपे. मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे, कारण तो त्यांचा मेहुणा. तो शाळेच्या वह्या तपासत शांतपणे म्हणायचा, "तू आणलं त्याईले." मला आणखी राग यायचा.

यात हसण्यासारखं कमी आणि रडण्यासारखं जास्त होतं. मारुबाई नंतरही एकदा रक्त न घेता परत गेली. दुसऱ्याही आया गेल्या. हैदराबादेत बोलणं सुरू झालं की आदिलाबादची लाइनच तशी, तिथं असलं काम चालायचं नाही. आणि एक दिवस वरून फोन आला: मोठे डॉक्टर पुढच्या सोमवारी मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, येणार, दिवसभर बसणार, आणि त्या दिवशी लाइन पडली तर रक्त चढवण्याचं काम इथून बंद. रोग्यांनी हैदराबादला यायचं. हैदराबादला! सुमनसारख्या पोरीनं, ओठ पांढरे घेऊन, जंगलातून निघून, रात्रभर प्रवास करून. मी फोन ठेवला. भाऊजींना सांगितलं. त्यांनी पडद्यावरचे ठिपके वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले. मग म्हणाले, "तपासणी वाढवतो."

त्यांना खरंच वाढवू दिली असती तर आमचं केंद्र त्यांनीच बंद पाडलं असतं. पण त्या आठवड्यात हैदराबादेत लावण्या नावाची नवीन पोट्टी कामाला लागली होती. तिनं आपल्या बाजूनं खोलीत डोकावून पाहिलं आणि मला फोन केला, म्हणाली अंकलना द्या. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"अंकल, अंदर जितने कनेक्शन बैठे हैं ना, सब आपके ही हैं," ती म्हणाली.

"माह्ये?" भाऊजी दचकून मराठीतच बोलले. मग सावरून, "हमारे कैसे, बेटा? हमारे तो पूछके आ जाते."

"पूछते हैं, अंकल. आते नहीं. वहीं बैठे हैं. सुबह से. एक भी जगह खाली नहीं. आप कनेक्शन बंद काहे को नहीं करते?"

भाऊजी ताठ झाले. "हम पहले नहीं काटते, बेटा. सामनेवाला काटता है. वो तहजीब है."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग लावण्या म्हणाली, "अंकल, इधर का सर्वर भी पहले नहीं काटता."

मला एकदम मांडीवरचा फोन आणि बैलांचे घुंगरू आठवले, आणि मला हसू आवरेना. मेजावर डोकं ठेवून हसले. अहो, हा माणूस निरोप्यालासुद्धा शिकवून पाठवत होता की समोरचा "बरं" म्हणेपर्यंत उठायचं नाही! सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या खुर्च्यांवर भाऊजींचेच निरोपे, पाय दुमडून, अदबीनं बसलेले, आणि समोर तितकाच अदबशीर यजमान. लेकरांच्या नोंदी विचारायला मी गेले की दारातच, जागा नाही. मशीन बंद केली की सगळे एकदम उठायचे, म्हणून तेवढ्यापुरती लाइन यायची. लाइन चालू आहे का हे विचारून विचारून यांनी लाइन बंद पाडली होती. मी डोळे पुसून वर पाहिलं, भाऊजींची थट्टा करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ते हसत नव्हते.

"म्हणजे," ते हळू म्हणाले, "त्या मारुबाईच्या पोरीची जागा माह्याच माणसाईनं अडवली."

त्या क्षणी मला त्यांचं फार वाईट वाटलं. आजवर त्यांच्यावर मी चिडले, खेकसले, ताईंपाशी तक्रारी केल्या, पण त्यांनी असा चेहरा केलेला कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही जाणून केलं का?" ते म्हणाले, "जाणून नाई केलं. पण केलं तं मीच ना." लावण्या फोनवर समजावत होती की प्रोग्राम बंद करा, मशीन एकदा नीट चालू करा आणि सोमवारपर्यंत कशालाही हात लावू नका. बिल्कुल हाथ मत लगाओ, अंकल. भाऊजींनी प्रोग्राम बंद केला, आणि फोन मात्र, सवयीप्रमाणे, तिनं ठेवेपर्यंत धरून बसले.

हात लावू नका! माशाला सांगायचं की पोहू नको. पहिल्याच दिवशी ते केंद्राच्या खिडकीशी येऊन काचेतून माझा पडदा पाहताना सापडले. ताईंनी त्यांचा लॅपटॉप कपाटात साड्यांखाली ठेवून किल्ली कमरेला खोचली. मग कळलं की मोबाइलवरूनही बघता येतं. तोही मी काढून घेतला. "वहिनी, एकच खेप. फक्त पाहून येतो आन् निंगतो." मी म्हटलं, "तुमचा माणूस निघतो कुठं? तो तिथं पाहुणचार घेत बसते!" ते खजील होऊन हसले. ताईंनी त्यांना तूर निवडायला बसवलं. त्यांनी ती निवडली आणि मग ताईंना विचारलं, "निवडल्या गेली का नीट?" ताईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं.

सोमवार उजाडला. मोठे डॉक्टर आले, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. शांत माणूस, कमी बोलणारा, त्यामुळे जास्तच धाक वाटायचा. भाऊजींना मी आतल्या खोलीत यायची बंदी केली होती; ते बाहेर बाकावर, रोग्यांच्या आयाबापांमध्ये, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसले. पण गप्प बसतील तर ते भाऊजी कसले. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की त्यांनी नवी तसदीक शोधून काढली आहे. आतून कुणीही बाहेर आलं की ते ताडकन उठून दाराशी जायचे आणि विचारायचे, "लागली का पिशवी? लागली?" नर्स, वॉर्डबाय, आया, झाडूवाली, कुणालाही. "लागली" म्हटलं की "बरं झालं, बरं झालं" म्हणत परत बाकावर. बसले नाहीत तोच पुन्हा दार उघडायचं, पुन्हा हे उभे. या तपासणीला हैदराबादेत खुर्ची लागत नव्हती, म्हणून मी काही बोलले नाही.

बारा वाजले. एरवी या वेळेपर्यंत सगळं बसलेलं असायचं. आता मारुबाईच्या सुमनची पाळी होती. मी तिचं नाव टाकलं. चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. डॉक्टर पुढे वाकले. दाराच्या काचेला बाहेरून भाऊजींचं नाक चिकटलेलं मला दिसत होतं, आणि त्यांना "व्हा बाजूला" म्हणायचंसुद्धा मला सुचेना. आणि मग उघडलं. सगळं पान, वरपासून खालपर्यंत. मागचं रक्त, त्याची तारीख, डॉक्टरांची टीप. सुमनला आत घेतलं. मी काचेकडे वळून मान हलवली. भाऊजींनी बाहेरून हाताच्या खुणेनं विचारलं, नक्की? मी मान हलवली. त्यांनी पुन्हा खूण केली, पाहिलं का नीट? मी कोपरापासून हात जोडले आणि पाठ फिरवली, नाहीतर डॉक्टरांसमोर रडले असते.

संध्याकाळपर्यंत लाइन एकदाही पडली नाही. डॉक्टरांनी भाऊजींना आत बोलावलं. "सेंटर यहीं रहेगा," ते म्हणाले. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग डॉक्टर तितक्याच शांतपणे म्हणाले की आता लाइनीवर नजर ठेवायचं काम हैदराबादेतूनच होईल, लावण्या बघेल. इथं त्यासाठी वेगळा माणूस लागणार नाही. हात न लावता चालते, हे आज दिसलंच. बोलण्यात काही वाईट हेतू नव्हता. खरं तेच ते बोलले. मला मात्र त्यांचा इतका राग आला की उठून सांगावंसं वाटलं, अहो, या माणसानं या भुयारासाठी आपलं दुकान उघडलं नाही, जेवला नाही, त्याला एका शब्दानं विचारा तरी. भाऊजी म्हणाले, "बराबर है, साहब." दारापर्यंत गेले आणि वळले. "पर वो लावण्या बेटी देख रही के नहीं, ये कौन देखेगा?" डॉक्टर पहिल्यांदाच हसले. भाऊजी विनोद करत नव्हते.

त्यांनी आपली पक्कड, टेस्टर, उरलेली वायर पिशवीत भरली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. मी पाणी घेऊन त्यांच्या मागं गेले. सुमनचं आटोपलं होतं. ती आईचा हात धरून उभी होती, दंडावर चिकटपट्टी, ओठांना जरा रंग आलेला. मारुबाईला बस पकडायची होती, तरी ती भाऊजींसमोर थांबली.

"दादा, तुमचं कोन हाये आत?" तिनं विचारलं. "दरखेपेले पाह्यतो मी तुमाले. सारखे दाराशी जाता, सारखं इचारता. आज तं येकजागी बसले नाई तुमी."

मी लगबगीनं पुढं झाले. आता बुधवारचा बाजार निघणार, भुयार निघणार, चौकीदार निघणार, आणि या बाईची बस चुकणार. पण भाऊजींनी सुमनकडे बघितलं.

"होतं येक, बाई," ते म्हणाले. "बरं झालं आज. आता घरी चाललो."

मारुबाईचा चेहरा उजळला. तिनं पदराआडून फडकं काढलं, त्यातली अर्धी भाकर मोडून त्यांच्या हातावर ठेवली. "खा. दिवसभर काई खाल्लं नाई तुमी, मी पायलं." मग आमच्याकडे दवाखान्यातून निघणाऱ्याला कुणी "पुन्हा या" म्हणत नाही; जे म्हणतात तेच ती म्हणाली, अगदी मनापासून:

"आता पुना इथं याचं काम नाई पडो तुमाले, दादा."

"नाई पडत आता, बाई," भाऊजी म्हणाले, आणि भाकर खाऊ लागले.